तानाजीकाकांचा मेन स्विच

मोहन्यात तानाजी सकपाळांबद्दल कोणालाही विचारा, दोनच गोष्टी सांगतील. बंद पडलेल्या कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होते, आणि त्यांच्याशी वाद घालू नका. मी घातला. लोकांच्या वीजबिलांच्या तक्रारी मी लिहिते आणि काका त्यातल्या चुका काढायला यायचे, म्हणून ओळख.

दोन वर्षांपूर्वी सुमतीकाकी गेल्या. मूलबाळ नाही. काका कोणापुढे रडले नाहीत. एकदाच म्हणाले, "कल्पिता, स्वयंपाक जमतो, धुणं जमतं. बाहेरून येऊन कुलूप काढायचं नि अंधारात बटण चाचपायचं, तेवढं नाही गं जमत."

उपाय त्यांनी स्वतःच शोधला. व्हिडिओ बघून पत्त्यांच्या कॅटाएवढा एक उघडा कॉम्प्युटर आणला. त्यावर घर सांभाळणारी सिस्टीम चालू झाली, की काकांचा फोन घराच्या वायफायच्या टप्प्यात येताच बाहेरच्या खोलीतली ट्यूब आपोआप लागणार. माझ्या लॅपटॉपवरून ती सिस्टीम त्यांनी मेमरी कार्डवर उतरवून नेली. चार वेळा. चारही वेळा घरी जाऊन कार्ड खराब.

"तुझ्या लॅपटॉपातच खोट आहे."

"काका, ह्याच लॅपटॉपवर अर्ध्या मोहन्याचे अर्ज टाइप होतात. त्यातला एकही नाही बिघडत!"

पाचव्या वेळी मी सोबत गेले. जोडणी एकदम साफ, वायरींना चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या. कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर इंग्रजीत आलं: तयारी चालू आहे, वीस मिनिटं लागू शकतात.

काका उठले. "चल, तोवर दूध आणू." चपला घातल्या, पिशवी घेतली आणि दारावरचा मेन स्विच खट्कन खाली ओढला.

टीव्ही काळा.

"अहो काका! तुम्हीच मारताय त्याला! तयारी चालू असताना वीज गेली की कार्ड खराब होतं. चार वेळा हेच केलंत?"

"मग? घरात माणूस नसताना मेन चालू ठेवून जायचं? पॅनल पेटलेलं बघितलंयस कधी? मी बघितलंय."

"काकी असताना पण पाडायचात?"

"ती असायची ना घरात," काका म्हणाले. "कशाला पाडू?"



दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्ड. ह्या वेळी काका खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले ते हललेच नाहीत. सव्वीस मिनिटांनी घराचं नाव विचारणारी पाटी आली. एका बोटाने टाइप केलं, ट्यूब जोडली, हाताने दोनदा लावून बघितली.

संध्याकाळी खरी परीक्षा. मेन चालू ठेवून बाहेर पडायचं. जिन्यावरून दोनदा परत गेले, बोर्डाला नाक लावून वास घेऊन आले. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. अर्धा तसाच टाकला.

"बस झालं, चल."

बिल्डिंगच्या गेटात आलो. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खिडकी अंधारी होती. दहा-बारा पावलं आत गेलो आणि ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. पडद्यावर पिवळट उजेड. कोणीतरी आत वावरतंय असं वाटावं, इतका साधा.

"लागली हो काका!" मी जिन्याकडे वळले.

काका जागचे हलले नाहीत. वर बघत होते.

"लगेच नको जायला," म्हणाले. "जरा इथंच उभं राहू."

मला साडेसातला वॉर्ड ऑफिसजवळ मीटिंग होती. पाच मिनिटं थांबले आणि निघाले. गेटातून वळून बघितलं तर काका तिथेच, हातात चावी.