वरून केलेला हात

गाइडकाकूंनी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर निदान शंभर मराठी माणसं चढवली असतील. स्वतः मात्र कायम खाली, बाकावर. पुण्याहून नवं कुटुंब उतरलं, की पहिल्याच रविवारी काकू दारात हजर. "सिंह नाही पाहिलात? मग व्हिसा कशाला काढलात?" असं म्हणत बुर्गप्लाट्झ चौकातला ब्राँझचा सिंह, जुनी लाकडी घरं, सगळं पायी दाखवायच्या. शेवटी मनोरा.

"आल्झो, चला, चढा आता. कुरकुर नाही. वर पोचलात की हात करा."

आम्ही हात केला, की काकूंचा हात खालून लगेच हलायचा. एकदाही चुकला नाही. थर्मास, धपाट्यांचे डबे, आमची जॅकेटं, सगळं मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि शेजारची जागा रिकामी. मी चेष्टा करायचो, "काकू, ठेवा की पिशव्या बाकावर." त्या म्हणायच्या, "राहू दे. लागते जागा."

मग माझी आई आली. मनोरा पाहताच म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी बसते." काकूंचा चेहराच उतरला. त्यांनी आईला क्षणभरही एकटं सोडलं नाही. काकूंनी बाकावर तिला सांगितलेलं कारण आईने घरी आल्यावर मला सांगितलं. काकाही एकदा असंच म्हणाले होते, "तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळतो." काकूंनी वरून हात केला, काकांनी केला नाही. दिसलं नसेल, असं वाटून त्या पाहुण्यांबरोबर फोटो काढत सावकाश उतरल्या. तोवर बाकावर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून, खरं सांगतो, मला त्या बाकाची भीती वाटू लागली.

पुढे काकूंच्या मुलाने त्यांना कायमचं म्युनिकला न्यायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी त्या मला मनोऱ्यापाशी घेऊन आल्या. "आज मी जाऊन येते. तू बस. ह्यांना एकटं नको." पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. मी इंजिनिअर माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही. पण शेजारी बघायची हिंमत झाली नाही. कितीतरी वेळाने वर एवढुसा हात हलला. मी जीव खाऊन हात केला.

काकू धापा टाकत खाली आल्या.

"हात केलास ना रे?"

"केला, काकू."

"दोघांनी?"

"हो. दोघांनी."

आता नव्या मंडळींना मीच हिंडवतो. पिशव्या मांडीवर घेऊन त्या बाकावर बसतो, आणि वरून कुणी हात केला, की दोन्ही हात हलवतो.