आई चालू आहे

ये गं पोरी, अशी जवळ ये. कागदावरच का होईना, पण जवळ बस. आणि आधी माझं ऐकून घे, मग तोंड फुगव. सव्वा वर्ष झालं तुला नाशकात पाय ठेवून. फोन करतेस, "मावशी, गोळ्या घेतल्या का?" विचारतेस, मी हो म्हणते, तू ठेवतेस. मी काय गोळ्यांपुरतीच उरले का गं? आई गेली की मावशीचं दार बंद, असा कुठला नियम काढलाय तुम्ही बंगलोरवाल्यांनी?

जाऊ दे. रागवायला तोंड नाही मला. का नाही, तेच सांगायला बसलेय.

मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही, तुला ठाऊक आहे. चौथीतून काढलं, मग वाण्याच्या पुड्या सोडून त्यावरचं वाचत गेले. शाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हा घंटा देऊन झाली की वाचनालयाच्या दारात बसायचे. तेवढीच माझी शाळा. म्हणून बोलते तसंच लिहिते, मधेच कुठं भरकटले तर सांभाळून घे.

तुझी आई माझ्या पाठची. तुझे वडील गेल्यावर नांदगावचं घर बंद करून ती इकडे सातपूरला दुसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि मी नाशिकरोडला. एका शहरात दोघी, पण मधे दोन बसा. तरी दर रविवारी मी जायचेच. जाताना तिला आवडते म्हणून सुकटीची चटणी न्यायचे. ती झाकण उघडून आधी वास घ्यायची, मग "बस आक्का" म्हणायची.

तुझं काम काय, हे आम्हां दोघींना कधी धड कळलं नाही. एका दिवाळीच्या सुटीत तूच समजावून सांगितलंस. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतली यंत्रं लांबून बघत बसायची. मोठ्या पडद्यावर यादी असते, प्रत्येक नावापुढे ठिपका. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लाल दिसला की धावाधाव.

तुझी आई म्हणाली, "म्हंजे वाचमनचं काम हाय."

"आई, इंजिनिअर म्हणतात त्याला."

"मंग इंजिनिअर वाचमन. लय भारी."

तू चिडलीस आणि त्याच चिडीत का काय, दुसऱ्या दिवशी घरात वायफायचा नवा डबा बसवलास. कॅमेरा पण लावणार होतीस, तर ती म्हणाली, "उन्हाळ्यात दुपारची मी कशी बसते, ते तुला बंगलोरहून बघायचंय का? काय लावायचं नाय." मग डब्यावरच भागवलंस. तुझ्या कामावर असते तशीच यादी, पण घरापुरती. तीन नावं. टीव्ही, पाण्याच्या मोटरचं बटण आणि तिचा फोन. फोनचं नाव ठेवलंस 'आई'. तुझ्या मोबाइलवर ती यादी आणि माझ्याही मोबाइलवर घालून दिलीस. मी बघितलं तर मराठीत लिहिलेलं, आई, आणि पुढे हिरवा ठिपका.

तू म्हणालीस, "बघ मावशी, आई चालू आहे."

मी म्हटलं, "ती लहानपणापासूनच चालू आहे. माझ्या वाटणीची बोरं खाऊन मलाच बिया मोजायला लावायची."

किती हसलो गं आपण तिघी. तुझ्या आईला ठसका लागला हसून. त्यानंतर तो आपला शब्दच होऊन गेला. तू मला फोन करून विचारायचीस, आई चालू आहे ना? मी म्हणायचे, चालू आहे बाई, चांगलीच चालू आहे.

एक गोष्ट मात्र तू मला बजावून सांगितली होतीस. माझं बोट धरून दाखवलंस. "नुसता ठिपका नाही बघायचा, मावशी. ठिपका एवढंच सांगतो की फोन आहे. नावावर बोट ठेव, आतलं पान उघडतं. कधीपासून जोडलेला आहे, शेवटचा कधी दिसला, आज डेटा किती खाल्ला, सगळं आत असतं. आमच्याकडे नवीन पोरं येतात ना, ती नुसते ठिपके बघतात आणि फसतात."

तुझी आई मधेच, "मी भाकर खाल्ली का, ते दिसतं का त्याच्यात?"

"ते नाही दिसत."

"मंग काय कामाचं!"

पहिले काही दिवस मी उघडून बघायचे ते पान. हौस होती. पहाटे पाचला ती फोनवर बुद्धवंदना लावायची, मग दिवसभर सिरियली, म्हणून तिच्या नावापुढे डेटाचा आकडा रोज फुगलेला असायचा. मग हौस संपली. चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं की ठिपका बघायचा, हिरवा आहे म्हटलं की झालं. बसमध्ये गुडघे दुखायचे. दर रविवारचं जाणं पंधरा दिवसांवर आलं, मग महिन्यावर. कशाला दगदग, हिरवं तर दिसतंय. तूही आधी रोज फोन करायचीस, तो दोन-तीन दिवसांआड झाला. मी बोट दाखवत नाही. दोघींचंही तसंच झालं.

आता जे तुला सांगितलं नाही, ते.

आठवतं, एकदा तिच्या फोनची बॅटरी उतरली होती? दुपारी ती झोपली होती आणि तुझ्याकडे लाल दिसलं. तू खालच्या वहिनींना फोन केलास, समोरच्यांना केलास, मला केलास. पाच-सहा माणसं दारावर थापा मारत होती आणि ती केस सोडून, डोळे चोळत दार उघडायला आली. फार लाजली गं. वहिनींना म्हणाली, "पोरीनं मला जितेपणीच मारलं." हसण्यावारी नेलं तिनं. पण मला नंतर म्हणाली, "आक्का, पोर तिकडं रडत होती फोनवर. माझ्यापायी तिचं काम बुडालं. आता लाल दिसू द्यायचा नाय मी."

आणि नाही दिसू दिला. फ्रिजवर चार्जर कायमचा लावला आणि फोन त्याला जोडून तिथंच ठेवून दिला, दाव्याला बांधलेल्या गाईसारखा. बोलायचं तर फ्रिजला टेकून उभ्यानं बोलायची. वंदना ऐकायची तर आवाज मोठा करून तिथूनच. घराबाहेर नेला की वायफाय तुटतं आणि लाल होतं, हे तिला समजलं होतं. म्हणून भाजीला जाताना फोन घरी. विहारात जाताना घरी. दवाखान्यात बीपी तपासायला गेली, तरी घरी.

मी म्हटलं, "अगं, रस्त्यात पडलीस बिडलीस तर फोन कशावरून लावायचा?"

"पडत नाय मी. तू तिला सांगू नको हां. तुला माझी आण हाय."

मी हसले. म्हटलं, खरंच चालू आहेस. आणि नाही सांगितलं तुला.

तो मंगळवार. सकाळी ती न्हाणीत पडली. पाय घसरला का आधी डोक्यात काही झालं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. फोन फ्रिजवर. चार्जिंग पूर्ण. ठिपका हिरवा. मी मंगळवारी तीनदा बघितला तो. चहाच्या वेळी, दुपारी आणि दिवेलागणीला. तीनही वेळा आई चालू.

बुधवारी दहाच्या सुमाराला खालच्या वहिनींचा फोन आला. "ताई, सकाळची दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलीय. बेल दिली, उघडत नाहीत. तुमच्याकडे आल्यात का?"

आता ऐक मी काय केलं ते. मी मोबाइल काढला, ठिपका बघितला आणि त्या बाईला म्हटलं, "अहो, काही नाही. हिरवं आहे. फोन चालू आहे तिचा."

वहिनी म्हणाल्या, "ताई, फोनचं नाही म्हणत मी. दुधाचं म्हणतेय."

असं म्हणाली ती. अजून कानात आहे. तरी मी म्हटलं, बघते लावून. लावला. वाजत राहिला, उचलला नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला नाही आली, कारण मला माहीत होतं ना तिचं गुपित! मला वाटलं, फोन ठेवून गेली असेल विहारात, नाहीतर कुणाच्या तरी घरी. मी वहिनींना सांगितलं, तिची सवयच आहे तशी, येईल संध्याकाळपर्यंत. वहिनींना काय, सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. दूध नासू नये म्हणून पिशवी आपल्या फ्रिजमध्ये ठेवली त्यांनी.

गुरुवारी सकाळी दुसरी पिशवी लटकली. या वेळी वहिनींनी मला विचारलंच नाही. शेजारच्या पोरांना बोलावून दार तोडलं.

मी पोहोचले तेव्हा तिला खाली आणत होते. जिवंत होती. मी हात धरला तर गार. ओठ हलत होते. मी कान लावला. तुला सांगितलं होतं ना, की तिनं तुझं नाव घेतलं? घेतलं, ते खरंच आहे. पण आख्खं नाही सांगितलं. ती म्हणाली, "फोन चार्जिंगला हाय ना? पोरीला लाल दिसंल."

दवाखान्याच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा, कितीतरी महिन्यांनी, नावावर बोट ठेवलं. आतलं पान उघडलं. रोजच्या रकान्यांत डेटाचे उंच उंच आकडे. सोमवारचाही तसाच. मंगळवारचा पहाटेच्या वंदनेपुरताच, त्यानंतर बुधवारभर काहीच नाही. काहीच म्हणजे, फोन आपला आपण जागा राहायला घेतो तेवढंच. वंदना नाही, सिरियल नाही. चौथी शिकलेल्या बाईलाही वाचता येईल असं लिहिलं होतं तिथं. बोट तेवढं ठेवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तर काही करता आलं असतं. नक्की वाचल्या असत्या असं म्हणाले नाहीत. काल आणलं असतं तर, एवढंच. तो काल माझा आहे, पोरी. मी तो वहिनींच्या हातातून काढून घेतला.

तू विमान पकडून आलीस तेव्हा तिला जाऊन तीन तास झाले होते.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. तिच्या जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. तू खिडकीशी बसली होतीस मोबाइल हातात धरून. मी मागून आले तर पडद्यावर यादी उघडी. आई, हिरवा ठिपका. फोटोला हार घातलेला आणि इकडे आई चालू. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि चार्जरचं बटण बंद केलं, फोनही बंद केला. तुला सोडवते आहे असं वाटलं मला. थोड्या वेळानं तू अशी ओरडलीस की भिक्खूही बोलायचे थांबले. "कुणी काढलं? कुणी बंद केलं तिला?"

मी पुढं झाले नाही. गर्दीत उभी राहिले. मीच केला होता बंद.

जाताना तू मला विचारलंस, "मावशी, मी हेच काम करते ना दिवसभर? मग आतलं पान का नाही उघडलं मी? आणि आई बाहेर जाताना फोन न्यायची ना गं?" मी म्हटलं, "न्यायची की." का म्हटलं? आता तुला आणखी कशाला ओझं, असं मनाला सांगितलं. खरं तर भीती वाटली. तिचं गुपित सांगितलं तर माझं बुधवारचं बोलणंही बाहेर येणार होतं. मी स्वतःला वाचवलं आणि तू मात्र सगळं आपल्याच डोक्यावर घेऊन गेलीस. तेव्हापासून तू येत नाहीस. मला वाटतं, तुला ते दार बघायचं नाही. ते दार मी उघडू दिलं नाही, तू नाही. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. सव्वा वर्ष लागलं मला.

आजच का लिहिलं? गेल्या महिन्यात तू माणूस पाठवून माझ्याकडेही डबा बसवून घेतलास. माझं नाव आता तुझ्या यादीत आहे, 'मावशी'. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काल मी भाजीला निघाले, पिशवी घेतली, किल्ली घेतली, आणि फोन उचलून पुन्हा खाली ठेवला. चार्जरला लावला. उगाच पोरीला लाल दिसायला नको, असं मनात आलं. जिन्यात आले आणि पाय जागीच थांबले. पायरीवर बसून राहिले कितीतरी वेळ. वरची बाई विचारून गेली, चक्कर आली का आजी?

मग वर जाऊन फोन घेतला आणि भाजीला गेले. तुला दुपारी लाल दिसलं ते हेच. तू लगेच फोन केलास, मी मंडईत उचलला, तू म्हणालीस, "काही नाही, सहजच."

आता रोज लाल दिसेल तुला थोडा वेळ. मी फोन पिशवीत घालूनच फिरणार आहे. आणि माझ्या शेजारणीला सांगून ठेवलंय, दूध लटकलेलं दिसलं तर कुणाला विचारत बसू नको.

तुझ्या आईचा फोन माझ्या कपाटात आहे, तिच्या जांभळ्या लुगड्यात गुंडाळून. चालू केलेला नाही. तो तुझा आहे, येऊन घेऊन जा. माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही येऊनच ओरड, फोनवर नको. सुकट आणून ठेवलीय, चटणी तू आलीस की ताजी करीन. गुडघ्यांमुळे मला स्टेशनावर घ्यायला येता येणार नाही, पण खिडकीत बसेन. लवकर ये गं.