मन खराब आणि इतर तक्रारी

केसपेपरांचं बरं असतं. वर्ष संपलं की गठ्ठा बांधायचा आणि माळ्यावर टाकायचा. किश्शांना कोण बांधणार? नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं मी नाशिकला शरणपूर रोडजवळच्या एका वीस खाटांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचे. ती नोकरी सुटून जमाना झाला. पण आम्ही जुने चार जण भेटलो की चहा यायच्या आधीच कोणीतरी सुरू करतं, "डॉक्टरांचं ते आठवतं का?"

डॉक्टर म्हणजे डॉ. घोष, मूळचे कलकत्त्याचे. बायकोची बँकेतली बदली नाशिकला झाली म्हणून आले आणि इथलेच झाले. मराठी वर्षभरात शिकले, पण शब्दाला शब्द लावून. आणि आपल्याकडे माणूस काय होतंय ते सरळ सांगतो कुठे?

* * *

चांदवडचे एक कांद्याचे व्यापारी खोकला झाला म्हणून आले होते. सोबत बायको. ते गप्प, बोलायची ती.

"डॉक्टर, खोकल्याचं सोडा. भावाचा विषय निघाला की यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते."

"कोणता भाऊ? थोरला?"

"कांद्याचा भाव हो."

भावाचं डॉक्टरांनी सोडून दिलं, पण आग त्यांनी सोडली नाही. केसपेपरवर 'तळपायांची जळजळ' असं लिहिलं आणि रक्तातली साखर तपासायला पाठवलं. आम्ही काउंटरमागे तोंडं दाबून हसत होतो.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर चांगलीच वाढलेली!

त्यानंतर चांदवडहून पेशंट यायला लागले. नुसत्या रागावरून रोग ओळखणारा डॉक्टर बघायला.

* * *

एकदा डॉक्टर सकाळपासून खिडकीबाहेर बघत बसले होते. आमच्या इंदूमावशी केबिन पुसायला गेल्या. मावशी नामपूरच्या, बोलणं अहिराणी, वय पंचावन्न, आणि दवाखान्यातल्या सगळ्या तरुण सिस्टर म्हणजे जणू त्यांच्याच लेकी.

मावशींनी विचारलं, "काय व्हयनं डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, आज माझं मन खराब आहे."

मावशी फडकं तिथंच टाकून बाहेर आल्या. स्टूल ओढलं आणि केबिनच्या दारात बसल्या. एकाही सिस्टरला एकटीनं आत जाऊ देईनात. फाइल असली तरी मावशी सोबत. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी खोदून विचारलं तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "त्यानं सोताच सांगं. मन खराब शे."

मी आत जाऊन डॉक्टरांना अर्थ विचारला. बंगालीत माणूस उदास असला की तसंच म्हणतात. त्यांच्या आईचं पत्र आलं होतं, दुर्गापूजेला यंदाही येत नाहीस का म्हणून.

मावशी इतक्या ओशाळल्या की दुसऱ्या दिवशी डबाभर शेवभाजी घेऊन आल्या. डॉक्टर घाम पुसत, नाक ओढत सगळी खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग विचारलं, "आते मन दुरुस्त व्हयनं का?"

* * *

लीला सिस्टर केरळची. ऑपरेशन थिएटरबाहेर एका आजींना तिनं सांगितलं की नातू शुद्धीवर आला. आजी भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "आता माझा जीव भांड्यात पडला गं बाई."

लीला धावत जाऊन ट्रे घेऊन आली आणि आजींच्या हनुवटीखाली धरून उभी राहिली. तिला वाटलं, आजींना उलटी होतेय.

* * *

त्याच्या आधीची गोष्ट. लीला नुकतीच लागली होती. एका दुपारी ती चादरींच्या खोलीत रडत बसलेली मावशींना दिसली. "काय व्हयनं माय?" विचारलं तर हुंदके देत एवढंच म्हणाली, "संकडम, मावशी. लई संकडम."

मावशींनी ऐकलं संकट. त्या ओरडत पॅसेजमधून पळाल्या. डॉक्टर तपासता तपासता पेशंटला तसाच टाकून आले. लॅबमधला आमचा दिलीप, कळवणचा, ऑक्सिजनचं अख्खं सिलिंडर गडगडवत आला.

संकडम म्हणजे मल्याळीत दुःख. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि लीलाला रजा मिळत नव्हती.

सगळे पांगले. दिलीप तेवढा धापा टाकत उभा होता. म्हणाला, "मग हे परत नेऊ?"

दोन महिन्यांत लीला पहिल्यांदा हसली.

रजाही मिळाली.

* * *

पुढं दिलीपचं आणि लीलाचं जमलं. लीलाचे वडील निवृत्त मास्तर. दोन दिवसांचा प्रवास करून नाशिकला आले ते नकार द्यायलाच. दिलीपची आई कळवणहून आली. बैठक डॉक्टरांच्या केबिनमध्ये, कारण मास्तरांना इंग्रजी येत होतं, आईंना फक्त मराठी, आणि मधे डॉक्टर.

मास्तरांनी विचारलं, "तुमच्या घरात माझी मुलगी कोणाशी बोलणार? तिला कोण समजून घेणार?" डॉक्टरांनी ते मराठीत सांगितलं.

आईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, मला लेक नाय. गेल्या साली मला टायफॉइड झाला तवा ही पोर पंधरा दिस माझ्या उशाशी होती. ही माझ्या काळजाचा तुकडा हाय."

डॉक्टरांनी टायफॉइडचं नीट सांगितलं. काळजापाशी अडले. मग बंगालीतला 'कलिजा' आठवून ठामपणे म्हणाले, "सर, शी सेज, युवर डॉटर इज अ पीस ऑफ हर लिव्हर."

दिलीपनं कपाळाला हात लावला. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

मास्तरांनी चष्मा काढला. "लिव्हर?"

"यस सर. लिव्हर."

मास्तर लीलाकडे वळून मल्याळीत काहीतरी बोलले. ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. म्हणाली, "आमच्यात सगळ्यात लाडक्या माणसाला 'करळ' म्हणतात. करळ म्हणजे लिव्हर."

मास्तर उठले, आईंसमोर जाऊन उभे राहिले. उजव्या बरगडीखाली हात ठेवून डॉक्टरांना म्हणाले, "टेल हर, इट इज माय लिव्हर ऑल्सो. बट शी मे कीप इट."

"काय म्हंत्यात?" आईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तारीख काढा म्हणतात."