भिंतीपलीकडचा धूर

जव्हार तालुक्यातल्या ज्या पाड्यावर मी शिक्षक होतो, तिथे पोरांची खिचडी चुलीवर शिजायची. गॅसची टाकी गाडीरस्त्यापर्यंत यायची, पुढे डोक्यावरून आणणार कोण? स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली आणि तिला एकच झरोका. स्वयंपाक करणाऱ्या ताई नाकाला पदर लावून आत जायच्या आणि लाल डोळ्यांनी बाहेर यायच्या. एकदा चक्कर येऊन त्या उंबऱ्यातच बसल्या. तेव्हा मी ठरवलं, या धुराचं काहीतरी करायचं.

मला अशा खटपटींची हौस आहे, आणि कौतुकाचीही. जव्हारच्या भंगारवाल्याकडून जुन्या कूलरचा पंखा आणला. मोखाड्याच्या बाजारात पत्र्याची कामं करणाऱ्या कारागिराकडून जाड नळी वळून घेतली. पहिल्या दिवशी पंखा नुसताच घरघरला, धूर जागचा हलेना. पाती आणि नळी यांच्यात चार बोटं फट होती, ओढलेली हवा तिथूनच परत यायची. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पात्यांना जेमतेम घासणार नाही असं कडं बसवलं. चुलीवर पत्र्याचं छत्र टांगलं, सांधे मातीने लिंपले. पुन्हा बटण दाबलं, आणि धूर वळून छत्रात शिरला. ताईंनी पदर खाली घेतला आणि हसल्या.

कारागिराने बजावलं होतं, "गुरुजी, नळी सरळ भिंतीतून काढू नका. वळणाचं कोपर लावा, छपराच्या वर न्या." कोपर पुढच्या बाजाराला मिळणार होतं. पण दोन दिवसांनी केंद्रप्रमुख शाळा बघायला येणार होते. मी मागच्या भिंतीला भोक पाडलं आणि नळी सरळ बाहेर काढली. साहेबांनी पाठ थोपटली, फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मग कोपराचं राहूनच गेलं.

त्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर एका म्हाताऱ्या बाबांचं कुडाचं घर होतं. स्वयंपाकघराला जागा त्यांच्याच परसातली. त्या दिवसांत बाबा रोज सकाळी शाळेसमोरच्या उंबराखाली येऊन बसू लागले. पोरांचा खेळ बघायला येतात, असं मी धरून चाललो. "काय बाबा, घरी करमत नाही वाटतं?" असं जाताजाता म्हणायचो. ते हात वर करायचे आणि खोकायचे.

थंडीत दोन-तीन दिवस ते दिसले नाहीत, म्हणून मधल्या सुट्टीत त्यांच्या घरी गेलो. शाळेकडचा कूड आतून काळा पडला होता. फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेले होते. बाबा ओटीवर गोधडी पांघरून पडले होते. सून नागलीची भाकरी थापत होती.

"हा धूर शाळेतला?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"वारा इकडचा असला का येतो," सून म्हणाली. "म्हणून तर बाबा तिकडं जाऊन बसायचे. आता ताप हाये, चालवत नाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. बाबाच बोलले, "पोरांचं जेवण शिजतं, गुरुजी. रांधणारी बाय पण आमचीच. आन् तुम्ही एवढं हातानं केलं. कसं सांगायचं?"

मी परत येऊन पंखा बंद केला. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

त्या पातेल्यात डाव फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बोलले होते ना एकदा. धूर बाबांकडं जातो म्हटलं. तुम्ही म्हणाले, वाऱ्यानं उडून जाईल."

म्हणालो होतो. ग्रुपवर आलेले अंगठे मोजत असताना, मान वर न करता म्हणालो होतो.

बाजाराचा दिवस यायला चार दिवस होते. ते चार दिवस ताईंनी पुन्हा धुरात रांधलं. त्यांच्या सोबत उभं राहायचं मी ठरवलं, पण पाच मिनिटांत बाहेर पळालो. मग जीपने मोखाड्याला जाऊन कोपर आणि आणखी नळी आणली, धूर छपराच्या वर काढला. बाबांना जव्हारच्या दवाखान्यात नेलं. ताप उतरला, खोकला राहिला. डॉक्टर म्हणाले, छाती जुनीच खराब आहे, चिलीम ओढत असणार. मला तेवढीच पळवाट होती, पण ती घेववली नाही.

"बाबा, चुकलं माझं," त्यांना घरी सोडल्यावर मी म्हणालो.

"नळी उंच झाली ना? मग झालं. भाकरी खा." त्यांनी ताट पुढे सरकवलं. मी खाल्ली.

पुढे पंचायत समितीत शिक्षकांची बैठक होती. साहेबांनी मला पंख्याची माहिती द्यायला उभं केलं. कडं कसं बसवायचं, ते मी सांगितलं. नळी सरळ काढू नका, कोपर लावून छपराच्या वर न्या, हेही सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही.

"बारीक विचार केलाय तुम्ही," शेजारचे एक गुरुजी म्हणाले. "आधीच सुचलं वाटतं?"

मी होकारार्थी मान हलवली.