न हललेला ठिपका

ऑफिसात तिला सगळे ठिपकेमावशी म्हणत. दुर्बिणीने रात्रभर काढलेले आकाशाचे फोटो सकाळी पडद्यावर एकामागून एक चालवायचे आणि जागा बदलणारा ठिपका शोधायचा, हे तिचं काम. सरकला तर दगड, जागचा हलला नाही तर तारा. यात तिचे केस पिकले, पण मावशी घाबरली असं कुणी पाहिलं नव्हतं. नवीन आलेलं कुणी विचारी, "पृथ्वीवर दगड पडला तर?" ती म्हणे, "मग डबा आधी खाऊन घ्या."

त्या सकाळी मात्र ती पडद्यासमोरून उठून साहेबांना बोलवायला धावली. एक ठिपका तसूभरही सरकत नव्हता आणि दर फोटोत आधीपेक्षा ठळक होत होता. तिथे कुठल्याही ताऱ्याची नोंद नव्हती. थेट आपल्याच अंगावर येणारी वस्तू बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. समोरून येणाऱ्या ट्रकसारखी. साहेबांनी आकडे मांडले, पुन्हा मांडले आणि मटकन खुर्चीत बसले. दगडच असेल, तर सगळ्यांच्याच हाताशी जेमतेम महिना उरला होता. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, जिथे आता रात्र होती, तिथल्या दुर्बिणीचा निरोप दुपारपर्यंत यायचा होता. तोवर घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम.

नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. तिच्या पोरीचा पाय जन्मापासून वाकडा, आणि ऑपरेशनचा नंबर अचानक उद्याचाच लागला होता.

"आई, डॉक्टर समोर उभे आहेत. हो की नाही, आत्ताच सांगा म्हणतात. दोन महिने प्लास्टर, आणि दुखेल खूप. उद्या नाही केलं तर वर्षभर नंबर नाही, तोवर हाड कडक होईल. तू काय म्हणतेस?"

घरातलं पानही आईला विचारल्याशिवाय हलायचं नाही, अशी ही लेक. मावशीने पडद्याकडे पाहिलं. पोर महिनाभरच जगणार असेल, तर तिला तो महिना कण्हत का काढायला लावायचा?

"नको," ती म्हणाली. "नाही म्हणून सांग. खेळू दे तिला."

दुपारी निरोप आला. दगड नव्हताच. कुठला तरी फार लांबचा, एरवी न दिसणारा तारा अचानक भडकला होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेब चक्क नाचले, कुणीतरी चहा सांगितला. मावशी जिन्यात जाऊन लेकीचा नंबर फिरवत होती.

"अगं, हो म्हणून सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"आता कसं? तो नंबर तेव्हाच दुसऱ्या मुलाला गेला." लेक जराही रागावली नव्हती. "जाऊ दे ना आई. मलाही तिला दुखवायचं जिवावर आलं होतं. जन्मभर तू मला 'घाबरतेस काय' म्हणत आलीस. आज पहिल्यांदा तुझा आवाज कापला. वाटलं, तूही माझ्यासारखीच आहेस. खूप बरं वाटलं."

फोनमध्ये, लेकीच्या मागे नात खुर्ची ढकलत घरभर फिरत होती, एक पाऊल नीट, एक फरशीला घासत. मावशीला सगळं ऐकू येत होतं.

"आई? आहेस ना?"

"मी चुकले गं," असं म्हणून ती तिथेच पायरीवर बसली.

"तू कुठे चुकतेस कधी?" लेक हसली. "थांब, तिला देते. बोल तिच्याशी."