बाई नेमकी कोण?

मंजुळाबाईसारखी पितळी भांड्यांना झळाळी आणणारी बाई जळगावच्या साऱ्या पिंप्राळ्यात दुसरी नव्हती, आणि तिला नुसतं ‘मंजुळा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. सोनगीरला माहेरी ती मंजी होती. लग्न होऊन सासरचा उंबरा ओलांडला, तेव्हा सासऱ्याने घरादाराला बजावलं, “आते मंजुळाबाई म्हना.” त्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नसे, पण सुनेच्या नावापुढे बाई होती.

पुढे तिचा नवरा भिकन जळगावला डाळमिलमध्ये लागला आणि ती दलिचंद शेठच्या घरी धुणीभांडी करू लागली. पहिल्या दिवशी तिने मालकिणीला ‘शेठाणी’ म्हटलं, तर ती हसली. “शेठाणी कसली? सज्जनबाई म्हणा.” तेव्हापासून अकरा वर्षं त्या घरात एक सज्जनबाई आणि एक मंजुळाबाई सुखाने नांदत होत्या. एक पापड लाटायची, दुसरी मोरीत घासायची, आणि दोघी एकमेकींना अहोजाहो करायच्या.

सत्त्याऐंशी साली शेठने रंगीत टीव्ही आणला. दर गुरुवारी संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची. मंजुळाबाई हात पुसून दाराशी बसायची. मुंबईचा बंगला, बैठकीच्या खोलीतच उतरणारा जिना, आणि बोलणं असं की निम्मं डोक्यावरून जावं. पण त्यात एक ओळखीचं माणूस होतं. ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला, आणि हिंदी तर मंजुळाबाई बऱ्हाणपूरच्या फळवाल्याशी बोलायची तशीच मोडकीतोडकी. सगळे तिला ‘बाई’ म्हणायचे. ती स्वयंपाकघरातून नाश्ता आणायची, चहा आणायची, आणि सोफ्यावरच्या रेशमी साड्या बसल्या जागी तो प्यायच्या.

मंजुळाबाईने मनाशी पक्कं केलं की ही बाईच घरधनीण. तिच्या मुलखात घरची बाई उभी राहते आणि पाहुणे बसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे पाहुणे तेवढे चिवट निघाले. बाई बोलली की सोफ्यावरचे हसायचे, ते तिला पाहुण्यांचं कौतुक वाटायचं. “बठ्ठा बसेल शेतस, एकली बाई राबस,” ती घरी भिकनला सांगायची. “ह्या पाव्हना कव्हय जातीन?”

चार गुरुवार पाहुणे हलले नाहीत. पाचव्या गुरुवारी एक रेशमी साडी उठली आणि म्हणाली, “बाई, कल से मत आना.”

मंजुळाबाई दाराशी ताडकन उभी राहिली. “आं? पाव्हनी घरधनीनले काढी ऱ्हायनी?”

 मग सज्जनबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “अहो मंजुळाबाई, ती कामवाली आहे. बाई म्हणजे कामवाली. मुंबईत तसंच म्हणतात.”

एवढं बोलून तिने उठून टीव्ही बंद केला. आपल्या तोंडून काय निघालं ते तिच्याच कानांना उशिरा ऐकू आलं असावं.

मंजुळाबाईच्या डोक्यात मात्र भलताच गोंधळ माजला. कामवाली म्हणावी तर तिच्या साडीला इस्त्री होती, हाताला एक भेग नव्हती, आणि पाच गुरुवारांत तिने एक भांडं घासलं नव्हतं. ही कुठली कामवाली?

दुसऱ्या दिवशी सज्जनबाई टीव्हीकडे बघत म्हणाली, “मंजुळा, आणि हे बघ, यापुढे मला भाभीजी म्हणत जा.”

मंजुळाबाईला फार लागलं. अकरा वर्षांचं अहोजाहो एका रात्रीत ओसरलं. बाई म्हणजे कामवाली, तर मालकिणीने स्वतःच्या नावातली बाई काढली, हे समजण्यासारखं होतं. पण मग कामवालीची का काढली? तिला तर दुप्पट मिळायला हवी होती. हिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, मग बाई गेली कुठे? विचारायची सोय नव्हती. ‘कल से मत आना’ कानात बसलं होतं.

आठवड्याने भरदुपारी फाटकाशी नवा पोस्टमन उभा राहिला. “बाई आहेत का घरात?”

“मंजुळा, तुला हाक मारतोय,” आतून आवाज आला.

“मले कोन पत्र धाडस?” असं पुटपुटत मंजुळाबाई बाहेर गेली.

“रजिस्टर पत्र आहे. सज्जनबाई दलिचंद तुम्हीच का?”

“नही भाऊ.”

“मग त्या कुठे आहेत?”

मंजुळाबाई अडखळली. त्या नावाला तर या घरात बंदी होती. खोटं बोलायचं नव्हतं, आणि काम घालवायचं नव्हतं. “पहिले व्हत्यात,” ती जपून म्हणाली. “आते नहीत.”

पोस्टमनचा चेहरा उतरला. “अरेरे. कधी वारल्या?” असं म्हणत त्याने पाकिटावर शेरा मारायला पेन काढलं.

सज्जनबाई चप्पल न घालता तापल्या फरशीवरून धावत आली. “अहो थांबा, मी आहे. मीच सज्जनबाई. सज्जनबाई दलिचंद.” पोस्टमनने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि सही घेतली.

मंजुळाबाई मोरीत जाऊन बसली. आता बोलणी खावी लागणार हे धरून तिने नळ सोडला आणि तांब्याला राख लावली.  मग हाक आली.

“मंजुळा...”

हाक मध्येच थांबली. मंजुळाबाईने नळ बंद केला. हातात राख लावलेला तांब्या धरून ती उरलेल्या दोन अक्षरांची वाट बघत राहिली.

“...चहा ठेव.”

“ठेवस, सज्जनबाई,” ती म्हणाली. जीभ घसरली की तिनेच घसरू दिली, हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. आतून कुणी ‘भाभीजी म्हण’ असं बजावलं नाही, आणि मंजुळाबाई म्हणून हाकही कुणी मारली नाही.