सर्व्हरच्या नोंदीत भाऊंचं नाव

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे सर्व्हर ठेवलाय. सगळ्या हॉस्पिटलचं काम ज्याच्यावर चालतं, तो मोठा कॉम्प्युटर. तो तापू नये म्हणून एसी इतका गार ठेवतात, की तो सांभाळणारे भाऊ ऐन उन्हाळ्यातही आत स्वेटर घालून बसायचे. बाहेर आले की काढायचे, आत गेले की घालायचे. दिवसातून वीसदा. नवा माणूस बघून हसायचा, आम्हाला सवय होती.

मी समोरच्या लॅबमध्ये रक्त तपासते. एकोणीस वर्षं आमची दारं समोरासमोर. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि उरलेलं अर्धं भाऊंनी मला स्वतः सांगितलंय. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

भाऊंना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. "ताई, माझं सगळं इथे असतं," असं म्हणून ते कपाळावर बोट ठेवायचे. आणि खोटं नव्हतं ते. कुठली केबल कुठल्या भिंतीतून गेलीय, कुठल्या वॉर्डातला प्रिंटर कुठल्या साली बदलला, सगळं तोंडपाठ.

या प्रकाराच्या दोन वर्षं आधी त्यांच्या हाताखाली एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चौतिशीची बाई, एका शाळकरी पोराची आई. पण त्या विभागात माणसं दोनच, एक भाऊ आणि एक ती, म्हणून आम्ही सगळे तिला धाकटी म्हणू लागलो. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. "भाऊ, हे असं का केलंय? लिहून ठेवते हं." भाऊ म्हणायचे, "लिही लिही. मी मेल्यावर वाच." ती हसायची. कामात मात्र पक्की होती, आणि मला वाटतं, भाऊंना ते हळूहळू खुपायला लागलं होतं. पूर्वी वॉर्डातून फोन यायचा तो "भाऊ आहेत का?" असा. आता "धाकटी आहे का?" असा येऊ लागला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, हे ते बोलले नाहीत कधी. पण फोन तिच्या हातात देताना ते रिसीव्हर जरा आपटूनच द्यायचे.

तो मंगळवार होता. लॅबच्या रिपोर्टांचं नवं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवायचं होतं. सकाळी सातला सुरुवात, आठला काम संपणार, असं भाऊंनी सांगितलं होतं. सॉफ्टवेअर येतं ते पॅकेज म्हणून, म्हणजे बांधलेलं गाठोडंच. एका गाठोड्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि ती सगळी हवी त्या आवृत्तीत असतील तरच पहिलं बसतं. भाऊंनी जुनं आधीच काढून टाकलं आणि नवं बसवायला घेतलं. ते अर्ध्यात अडलं. स्क्रीनवर लाल अक्षरांत लांबलचक संदेश आला. आता जुनं परत बसवावं तर तेही बसेना, कारण नव्याचं अर्धं धूड मध्येच अडकून पडलेलं.

नऊ वाजेपर्यंत माझ्या खिडकीसमोर चाळीस माणसं जमली. तपासण्या होत होत्या, पण रिपोर्ट बाहेर पडत नव्हता. आम्ही हाताने लिहून द्यायला लागलो, तर वरचे सर्जन म्हणाले, हाताने लिहिलेल्या आकड्यांवर मी ऑपरेशन करणार नाही. एका म्हाताऱ्या बाबांचं त्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. साडेदहाला त्यांना घरी परत पाठवलं. त्यांची सून त्यांच्या पायात चपला सरकवत होती आणि ते म्हणत होते, "अगं, मग आता चहा चालेल का?"

भाऊ दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

आत त्यांचे सगळे उपाय करून झाले होते. पुन्हा बसवून पाहिलं, सर्व्हर बंद करून चालू केला, गाठोडं पुन्हा उतरवून घेतलं, डिस्कवर जागा आहे का पाहिलं. जागा भरपूर होती, कारण आदल्याच दिवशी धाकटीने जुन्या निरुपयोगी फाइली काढून सफाई केली होती. ती तिथेच मागे उभी होती. म्हणाली, "भाऊ, तो संदेश एकदा शेवटपर्यंत वाचूया का? खाली काहीतरी होल्डचं लिहिलंय."

"मला वाचता येतं," भाऊ म्हणाले. "तू तुझ्या टेबलावर बस."

ती जाऊन बसली. पाच-सात मिनिटांनी उठून परत त्यांच्याकडे यायला लागली, तेवढ्यात दार उघडून मोठे साहेब आत आले. हे हॉस्पिटलचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण त्यांना कारणापेक्षा नाव लवकर हवं असतं.

"भाऊ, काय प्रकार आहे हा? कुणी केलं?"

भाऊ मला नंतर म्हणाले, "ताई, त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं काय झालंय ते. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द होते. बावीस वर्षांत मी ते कधी उच्चारले नव्हते. तोंडातून निघेचनात."

त्याऐवजी निघालं ते हे: "काल हिने सर्व्हरवर सफाई केली. मला न विचारता. काहीतरी उडवलं असणार."

"साहेब, मी फक्त..." धाकटीने तोंड उघडलं.

"फक्त?" साहेब म्हणाले. "बाहेर जाऊन बघा एकदा, तुमच्या 'फक्त'मुळे काय झालंय ते." आणि तिथल्या तिथे त्यांनी हुकूम सोडला: हिचा सर्व्हरचा पासवर्ड बंद, आजपासून ही नावनोंदणीच्या खिडकीवर. धाकटीने भाऊंकडे पाहिलं. भाऊ स्क्रीनकडे बघत राहिले. तिने वही पिशवीत घातली आणि गेली.

दुपारी दोनला खोलीत एकटे असताना भाऊंनी तो संदेश पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. खालून तिसऱ्या ओळीत सरळ लिहिलं होतं: नव्या सॉफ्टवेअरला छपाईचं पॅकेज नव्या आवृत्तीत हवंय, पण ते होल्डवर आहे. होल्ड म्हणजे कुणीतरी मुद्दाम सर्व्हरला बजावून ठेवलंय, की काही झालं तरी याला हात लावायचा नाही. आता हे कुणी केलं? सर्व्हर त्याची नोंद ठेवतो. भाऊंनी ती उघडली. धाकटीचं नाव सापडेल म्हणून उघडली, हेही त्यांनी मला लपवलं नाही.

तारीख चार वर्षांपूर्वीची होती. धाकटी तेव्हा या हॉस्पिटलात नव्हतीच. आणि नाव भाऊंचं होतं.

मग एकेक आठवलं. त्या वर्षी छपाईचं पॅकेज अद्ययावत झाल्यावर रिपोर्टांच्या शेवटच्या दोन ओळी कागदावर उमटेनात. भाऊंनी जुनं परत आणलं आणि होल्ड लावला. आठवड्याभराने काढू म्हणाले. कुठे लिहिलं नाही. डोक्यात होतं ना सगळं.

त्यांनी एका ओळीची आज्ञा देऊन होल्ड काढला. सात मिनिटांत सगळं बसलं. माझ्या टेबलावरच्या प्रिंटरने रिपोर्ट ओकायला सुरुवात केली, तशी लॅबमध्ये अक्षरशः टाळ्या वाजल्या. मी दोन कप चहा घेऊन समोर गेले. भाऊ पुढे वाकून बसले होते, हात की-बोर्डवर. मला बघून दचकले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून निभावलं." त्यांनी कप घेतला, प्याले नाहीत.

ती नोंद त्या वेळी स्क्रीनवर होती आणि ते ती ओळ पुसायला निघाले होते. "तुम्ही चहा घेऊन आलात म्हणून राहिली," ते मला पुढे म्हणाले. "माझ्या चांगुलपणामुळे नाही. हे पण लक्षात ठेवा."

साहेबांनी संध्याकाळी पाठ थोपटली. "अनुभव तो अनुभव!" भाऊ म्हणाले, "झालं निस्तरून." कुणाचं निस्तरलं, ते म्हणाले नाहीत.

घरी तर त्यांनी कळसच केला. जेवायला बसल्यावर वहिनींना सगळी हकीकत रंगवून सांगितली, धाकटीचा आवाज काढून. "'साहेब, मी फक्त...'" वहिनी हसल्या, त्यांच्या सासूबाई हसल्या. हसता हसता सासूबाईंनी विचारलं, "तिला घरी कोण कोण आहे रे?" भाऊंनी ताट सरकवलं. पाणी पिऊन ते उठलेच.

त्यानंतर अकरा दिवस. पुढच्या दाराने हॉस्पिटलात शिरायचं तर नावनोंदणीच्या खिडकीवरूनच जावं लागतं. धाकटी तिथे बसलेली असायची, पेशंटांची नावं, वयं टाइप करत. रोज सकाळी म्हणायची, "नमस्कार भाऊ." ना राग, ना कुजकट सूर. चौथ्या दिवसापासून भाऊ मागच्या दाराने, लॉन्ड्रीच्या ढकलगाड्यांमधून यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "इकडून जवळ पडतं." कसलं जवळ! उलट लांब पडतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

बाराव्या दिवशी साहेबांचा निरोप आला. धाकटीचा वार्षिक शेरा पाठवायचाय, भाऊंनी दोन ओळी लिहून सही करावी. कोरा कागद समोर ठेवून भाऊ तासभर बसले. तोंडाने सांगितलेलं खोटं वाऱ्यावर गेलं असं स्वतःला समजावता येतं. हे सहीनिशी द्यायचं होतं. शेवटी त्यांनी सर्व्हरमधल्या त्या नोंदीचा कागद छापून घेतला, खाली लिहिलं, "चूक माझी होती, हिची नव्हे," सही केली, आणि साहेबांकडे जाण्याआधी पुढच्या दाराने नावनोंदणीच्या खिडकीवर गेले.

रांगेत सहा माणसं होती. भाऊ रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर कागद आत सरकवला. धाकटीने तो नीट वाचलासुद्धा नाही.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच दिवशी ती नोंद पाहिली होती मी. माझ्या टेबलावरून. तुम्हाला सांगायलाच उठले होते, तेवढ्यात साहेब आले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंत?" मग म्हणाली, "नंतर म्हटलं, बघूया, भाऊ किती दिवस लावतात."

भाऊंच्या मागचा माणूस खोकला. ती म्हणाली, "बाजूला व्हा, यांना ताप आहे."

मला सांगताना भाऊ इथे स्वेटरचं बटण पिळत राहिले. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, म्हणाले.

साहेबांनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "भाऊ, झालं गेलं. आता कशाला उगाळायचं? माझ्या सहीने बदली झालीय." भाऊंनी कागद घेतला नाही. सोमवारच्या बैठकीत, सगळ्या विभागांसमोर, ते उठून उभे राहिले आणि झालं ते सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांनी "मोठ्याने!" म्हटलं, आणि त्यांना पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. घरी त्यांनी आधीच सांगितलं होतं. वहिनी त्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, तिचा आवाज तरी काढायला नको होता."

आठवड्याभराने धाकटी परत आली. काम पहिल्यासारखंच चोख. भाऊ आता सगळं लिहायला लागले होते, गिचमिड अक्षरात, तिला दाखवून. ती वाचायची, चुका सुधारायची आणि म्हणायची, "ठीक आहे, सर." हे 'सर' आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भाऊंनीही. एकदा ते मला म्हणाले, "भाऊ म्हण, असं सांगायला तोंड लागतं. ते मी घालवून बसलो." मी त्यांची समजूत घालायला गेले, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. वरच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. वहिनी पहिल्या रांगेत, आम्ही लॅबवाले मधे, धाकटी मागे दाराजवळ. मोठे साहेब नुकतेच बदलले होते. नव्या साहेबांना कुणीतरी ऐकीव माहिती पुरवली होती. ते माइकवर म्हणाले, "एकदा या हॉस्पिटलची लॅब ठप्प झाली होती. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे! आणि तेव्हा एकट्या भाऊंनी..." टाळ्या पडल्या. मी मान वळवून मागे पाहिलं. धाकटी पायाशी ठेवलेल्या पिशवीत काहीतरी शोधत होती.

भाऊंच्या एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्यात कसलीशी फ्रेम. कुठे ठेवावं कळेना, म्हणून तसेच ते माइकपाशी गेले. "साहेब, तो निष्काळजी माणूस मीच," ते म्हणाले. "आणि दोष मी दुसरीवर टाकला होता. ती इथे बसलीय."

मग नवे साहेब हसले, माइक ओढून घेत म्हणाले, "बघा, याला म्हणतात विनय!" आणि सगळं सभागृह पुन्हा टाळ्या वाजवायला लागलं, आधीपेक्षा जोरात. भाऊ "नाही, नाही" म्हणत मान हलवत होते, तशा टाळ्या आणखी वाढत होत्या. पहिल्या रांगेत वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही.